तारखेसाठी ठेवलेली जागा

विनू,

आज रविवार. माझ्याकडे सकाळचे आठ, तुझ्याकडे अकरा. या वेळेला फोन वाजायचा आणि तू हॅलोसुद्धा न म्हणता सुरू करायचास, "ताई, पेन घे." मी पेन घेऊन बसले आहे. वहीही उघडली आहे. तू जाऊन पाच आठवडे होऊन गेले, पण हाताला ते अजून कळलेलं नाही.

वहीत शेवटची यादी जूनमधली आहे. सात ओळी. सहा ओळींपुढे माझी टिक आहे, सातवीपुढे नाही. मला त्या सातव्या ओळीबद्दलच लिहायचं आहे. बाकीचं सगळं तुमच्या गावच्या, श्रूजबरीच्या शोकसभेत सांगून झालं: तू कुठे शिकलास, कोणत्या साली इकडे अमेरिकेत आलास, किती माणसांना विमानतळावरून घरी आणलंस. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते आणि मनातल्या मनात दोन सालं दुरुस्त करत होते. भावाच्या शोकसभेत. तुला हसू आलं असतं. मला माझी किळस आली.

ही खोड आपल्याला लागली ती मिरजेच्या शाळेत. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला तो फळा होता, वर पांढऱ्या रंगात कायमचं रंगवलेलं ‘दिनविशेष’ आणि खाली रोज खडूनं लिहायची जागा. सहावीत तुझं अक्षर चांगलं म्हणून ते काम तुला मिळालं. तू पावणेसातला जाऊन लिहायचास. कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, कुठला शोध कधी लागला. मी आठवीत होते. एके दिवशी तू एक तारीख एका दिवसानं चुकलास आणि मी सगळ्या पोरींच्या देखत अंगठ्यानं ती पुसली, तुझ्याच खडूनं बरोबर लिहिली. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी पहाटे मला हलवून उठवलंस आणि कागद पुढे केलास. "आधीच बघून दे. तिथे पुसू नकोस."

आपलं सगळं नातं त्या एका वाक्यात आलं. तू आधी दाखवायचंस आणि मी चारचौघांत पुसायचं नाही. पन्नास वर्षं दोघांनी ते पाळलं.

इथे आल्यावर तुला पुन्हा फळा मिळायला बरीच वर्षं जावी लागली. पहिल्या नोकरीतली ती गोष्ट तू इतक्यांदा सांगायचास, की शेवटी शेवटी तुझी लेक अनया इंग्रजीत तुझी वाक्यं तुझ्या आधी म्हणायची. कॉफीच्या मशीनभोवती सगळे उभे, आदल्या रात्री एक गाजलेली विनोदी मालिका संपलेली, आणि प्रत्येक जण सांगतोय की तिचा पहिला भाग लागला तेव्हा आपण कुठे होतो. कोणी कॉलेजात, कोणी आजीच्या घरी पाय मोडून पडलेला. मग सगळे तुझ्याकडे वळले. तू हसलास. कशाला हसतोय हे न कळता हसलास. "ताई, त्या माणसांकडे एकमेकांचं लहानपण होतं," तू मला फोनवर म्हणालास. "माझ्याकडे नुसता बॅज होता."

म्हणून मग वूस्टरच्या त्या लहानशा रेडिओ स्टेशनवर शनिवारी सकाळी आपल्या लोकांना अर्धा तास मिळाला, तेव्हा त्यातली चार मिनिटं तू मागून घेतलीस. ‘आजच्या दिवशी’. इथल्या रेडिओचे, टीव्हीचे, सिनेमाचे वाढदिवस, मराठीतून. रेडिओवर पहिली जाहिरात कधी वाचली गेली. लोकांनी पहिल्यांदा रंगीत पडदा बघितला, त्या दिवशी दुकानाच्या काचेबाहेर किती गर्दी होती. कुठला बातम्या सांगणारा निरोप घेताना काय म्हणाला. कार्यक्रमाच्या समितीतले लोक कुरकुरले होते. "विनूकाका, आपल्या लोकांना आपलं काहीतरी सांगा की." तू म्हणालास, "मी तेच करतोय. आपलं नसलेलं आपलं करून देतोय." मला ते जरा भाषणासारखं वाटलं होतं, आणि मी तसं सांगितलंही.

पण तुझ्या शोकसभेत नागपूरची एक मुलगी उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी व्हिसावर आलेली, हातात कागद नाही. "काकांमुळे माझ्या टीमला वाटतं माझं बालपण इथेच गेलं," ती म्हणाली. "माझा मॅनेजर मला विचारतो, तो जुना गेम शो आठवतो का? मी म्हणते, ऑफ कोर्स! यार, मी तेव्हा जन्मलेही नव्हते." सगळे हसले. ती हसता हसता खाली बसली आणि मग तिला उठता येईना.

तुझ्या कामाची पद्धत तिला कुठे माहीत होती? ती मलाच माहीत होती. रविवारी यादी. मग आठवडाभर मी लायब्ररीत, म्हणजे निवृत्त होईपर्यंत माझ्या लायब्ररीत आणि नंतर दुसऱ्यांच्या, जुनी वर्तमानपत्रं बघायची. मायक्रोफिल्मचं ते चक्र फिरवून माझा उजवा खांदा गेला. नियम एकच होता: छापील पुरावे दोन हवेत. एक असेल तर टिक नाही. पुढच्या रविवारी मी ‘टिक’ म्हणायचे आणि मगच तू तारीख बोलायचास. बाकीचा मजकूर तू आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला असायचा, तारखेच्या जागी काही सेकंद मोकळे सोडून. माझा होकार आला की तेवढी तारीख वेगळी बोलून त्या जागी चिकटवायची. त्यामुळे प्रत्येक भागात तारीख आली की तुझा आवाज थोडा बदलायचा. "तुझ्या तारखेला कायम सर्दी झालेली असते," मी म्हणायचे. "असू दे," तू म्हणायचास, "लोकांना कळू दे की इथे ताई आहे."

या उन्हाळ्यात तू माझ्याकडे रेडमंडला येणार होतास. पहिल्यांदाच चांगला सहा आठवडे. म्हणून जुलै-ऑगस्टचे भाग तू जूनमध्येच संपवायला घेतलेस. वाढदिवसांचं एक बरं असतं, ते कधी येणार हे आधीच माहीत असतं, हे तुझंच वाक्य.

"सातवं लिही," तू म्हणालास. "चित्रवाले आजोबा. शेवटचा कार्यक्रम."

तुमच्या भागातल्या एका छोट्या वाहिनीवर तो म्हातारा संध्याकाळी पाचला यायचा. मोठ्या कागदावर कोळशानं चित्रं काढायचा आणि मधे मधे मुलांनी पाठवलेली कार्डं उचलून त्यांचे वाढदिवस वाचायचा. तुझी नीलिमा होती तेव्हा मी तुमच्याकडे आले असताना एकदोनदा बघितला होता. त्याच्या बोटांना लागलेला कोळसा नाकालाही लागलेला असायचा.

"तारीख?" मी विचारलं.

"ऑगस्ट. अनयाचा चौथा वाढदिवस. त्याच दिवशी."

"सोर्स?"

"मी. मी बघत होतो ना! अनया माझ्या मांडीवर, नीलिमा सोफ्यावर. त्यानं कार्ड उचललं, अनयाचं नाव पार मोडून तोडून घेतलं, आणि नीलिमानं टाळ्या वाजवल्या. एवढ्या जोरात, की शेजारची बाई विचारायला आली."

"तू सोर्स नाहीस, विनू. तू साक्षीदार आहेस."

"झालं! रविवारी सकाळी कोर्ट उघडलं."

"टिक हवी का नको?"

"हवी. तुझ्या टिकेशिवाय मी कधी काही बोललोय?"

तेव्हा आपण हसत होतो. मला ते हसणं जपून ठेवता येत नाही, कारण त्याच्या पाठोपाठ पुढचा रविवार येतो.

त्या आठवड्यात मी वूस्टरच्या लायब्ररीला ईमेल केली आणि तिथल्या एका भल्या माणसानं मला जुन्या स्थानिक पेपराचं टीव्हीची पानं स्कॅन करून पाठवली. जूनचा शेवटचा शुक्रवार. पाच वाजताच्या चौकटीत आजोबांचं नाव आणि पुढे ‘अखेरचा भाग’. जुलै-ऑगस्टच्या पानांवर त्या वेळेला दुसराच कार्यक्रम होता. मला आनंद झाला, विनू. हे मी कबूल करते. एक तारीख हाताला लागल्याचा तो लहानसा, कोरडा आनंद. तो मिळाला आणि मी थांबले. दुसरा पुरावा शोधला नाही.

रविवारी तू फोन केलास, आणि मी सांगितलं.

"छापणाऱ्याची चूक," तू म्हणालास.

"सगळा जुलै? सगळा ऑगस्ट?"

"ताई, मी होतो तिथे."

"मीही होते."

मला इथे थांबता आलं असतं. तू काही बोलला नाहीस, आणि त्या गप्प बसण्यात तू मला थांबायला वेळ दिला होतास, असं आता वाटतं. मी बोलत राहिले. शांतपणे, क्रमवार, लायब्ररीत चुकीच्या कप्प्यात ठेवलेलं पुस्तक उचलून बरोबर कप्प्यात ठेवावं तशी.

"विनू, ऑगस्टमध्ये मी तुझ्याकडेच होते. जुलैच्या मध्यापासून नीलिमा हॉस्पिटलात होती. अनयाचा चौथा वाढदिवस आपण तिथल्या कॅफेटेरियात केला. तू मशीनमधून कपकेक काढलास. मेणबत्ती लावता येणार नव्हती, म्हणून तू त्यात आइस्क्रीमची काडी खोचलीस. नीलिमाला त्या दिवशी डोळे उघडे ठेवता येत नव्हते. सोफा कुठला आणि टाळ्या कुठल्या?"

तुझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ मला ऐकू येत होतं.

"आइस्क्रीमची काडी," तू म्हणालास. मग म्हणालास, "ठीक आहे, ताई."

आणि फोन ठेवलास.

मला तेव्हा वाटलं, तू रागावलास. फळ्यावरचं पुसल्यावर रागावला होतास तसा. दोन दिवस, फार तर दोन आठवडे. आता रोज वाटतं, की तू रागावला नव्हतास. तुला ती काडी आठवली. एकोणतीस वर्षं तू तो वाढदिवस स्वतःपासून लांब ठेवला होतास. त्याच्या जागी सोफ्यावरची एक चांगली संध्याकाळ आणून बसवली होतीस, मुलीलाही तीच दिली होतीस. कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मी ती उचलली आणि खालचं हॉस्पिटल उघडं केलं. माझी तारीख बरोबर होती. मला माझ्या बरोबर असण्याचं काय करायचं, ते कोणीतरी सांगावं.

त्यानंतरचे दोन रविवार तू फोन केला नाहीस. मीही केला नाही. तू मंगळवारच्या विमानानं येणारच होतास. मी ठरवलं होतं, समोर बसवून, थालीपीठ वाढून, मग बोलू. माफी मागायची नव्हती, विनू. खोटं कशाला सांगू. मला ती स्कॅनची पानं तुला समोर दाखवायची होती. ती मी तुझ्या खोलीतल्या टेबलावर नीट लावून ठेवली होती, तू पाणी पिशील त्या पेल्याच्या शेजारी.

मंगळवारच्या आधीच्या गुरुवारी दुपारी तू गॅरेजमध्ये बॅगेचं चाक दुरुस्त करत होतास. अनयाचा फोन आला तेव्हा मी बाजारात भेंडी निवडत होते. "आत्या," ती म्हणाली, आणि पुढे तिला ना मराठी सापडली, ना इंग्रजी. तुझं तिकीट मीच कॅन्सल केलं. पलीकडच्या बाईनं कारण विचारलं आणि मी म्हणाले, प्रवासी येऊ शकत नाही. ती म्हणाली, "आय अंडरस्टँड." कोणाला काय समजलं, देव जाणे.

तुझ्या घरी मी बारा दिवस राहिले. सगळ्यात आधी कॅथीचा फोन आला. स्टेशनचं सगळं एकटीनं ओढणारी ती कॅथी, जिला तुझ्या एकवीस वर्षांतल्या भागांमधला ‘नमस्कार’ सोडून एक शब्द कळला नसेल. ऑगस्टच्या मध्यापर्यंतचे भाग तू तिला पाठवून ठेवले होतेस. "मी ते लावू का नको, हे तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "पण त्यातल्या एकाला तारखेचं लेबल नाही. आणि मधेच एक होल आहे. सहा सेकंद. ते बंद करून टाकू का?"

संध्याकाळी अनयानं तुझ्या कॉम्प्युटरवर तो भाग लावला. फाइलच्या नावात तू लिहिलं होतंस: ‘चित्रवाले आजोबा, ताई सांगेल तेव्हा’. रेकॉर्ड केल्याचा दिवस रविवार होता, आपलं बोलणं झालं त्याच्या पुढचा. वेळ अकरा वाजून काही मिनिटं. म्हणजे मी इकडे फोनकडे बघत बसले होते तेव्हा तू तिकडे हे बोलत होतास.

तू म्हणालास, "नमस्कार मंडळी. आजच्या दिवशी, म्हणजे," आणि थांबलास.

मला वाटलं होतं, तू तुझी तारीख दामटली असशील. ऑगस्ट बोलून मोकळा झाला असशील. किंवा माझी. तू जागा सोडली होतीस. इतक्या सगळ्यानंतर, त्या काडीची आठवण करून देणाऱ्या बहिणीसाठी तू नेहमीसारखी जागा सोडली होतीस.

"बाबांनी डेट का नाही टाकली?" अनयानं विचारलं.

"माझ्यासाठी थांबला होता."

"अँड यू डिडन्ट..."

"नाही. मी नाही दिली."

ती तुझ्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. चौथ्या वर्षी बसायची तशी. मग म्हणाली, "आत्या, मला आईचं तेवढं एकच आठवतं. क्लॅपिंग. आय नीड टू नो. ते खरंच झालं, की बाबा सांगायचे म्हणून मला वाटतं?"

मी तिला म्हणाले, उद्या सांगते. तुला माहीत आहे, बघितल्याशिवाय मला काही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला वूस्टरच्या लायब्ररीत सोडून कामावर गेली. ती स्कॅनची पानं ज्यातून आली तेच रीळ मी लावलं. या वेळी टीव्हीच्या पानावर थांबले नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार. सोमवारच्या पेपरात, आतल्या पानावर, माझ्या तळहाताएवढा मजकूर होता. आजोबांनी शुक्रवारी निरोप घेतला. जमलेली सगळी कार्डं बाहेर काढली, आणि आता आपण नसणार म्हणून डिसेंबरपर्यंतच्या सगळ्या मुलांचे वाढदिवस आधीच वाचून टाकले. एकेका नावाला थांबून, शुभेच्छा देऊन. कार्यक्रम वेळेबाहेर गेला तरी वाहिनीनं तो तोडला नाही.

त्यात ऑगस्टमधलं, तू सांगितलेलं ते कार्डही होतं. अनयाचं.

सगळं झालं होतं, विनू. सोफा होता. नीलिमा घरी होती. टाळ्या होत्या, शेजारची बाई आली असणार. त्या माणसानं तुझ्या मुलीला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. तू काहीच बनवलं नव्हतंस. दीड महिन्यानं जो दिवस येणार होता त्याच्यावर तू तो जूनमधला शुक्रवार पांघरला होतास, इतकंच. हे सगळं त्याच रिळात, मी थांबले त्याच्यापुढे तीनच दिवसांवर होतं. नियम दोन पुराव्यांचा होता. नियम माझा होता. मी एकाच पानावर तुला खोटं ठरवलं, कारण ते पान माझ्या बाजूनं होतं.

त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मशीन बंद करायलाही मला सुचेना. दिव्याच्या उजेडात ते पान तसंच लटकत राहिलं आणि मी मोठ्यानं म्हणाले, "टिक." कोणाला म्हणाले?

लोक मला समजावतात. ताई, त्याचं हृदय आधीपासून कमजोर होतं, डॉक्टरही तेच म्हणाले. ते मला कळतं. तुझं हृदय माझ्या वाक्यानं थांबलं, इतकं मोठं मी स्वतःला समजत नाही. मला जे सलतं ते त्याहून लहान आहे आणि त्याच्यावर औषध नाही. तुझ्या आयुष्याच्या शेवटच्या एकोणीस दिवसांत तुझ्या डोळ्यांपुढे सोफा असायला हवा होता, आणि कॅफेटेरिया होता. तो मी ठेवला तिथे.

अनया घ्यायला आली तेव्हा गाडीत बसण्याआधीच मी सांगितलं, "टाळ्या खऱ्या आहेत."

तिनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. पार्किंगमधून बाहेर पडणाऱ्या कोणीतरी मागून हॉर्न दिला. ती म्हणाली, "थँक यू, आत्या," आणि मग, "माझ्या बर्थडेला ना?"

मी हो म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मी एक चुकीची तारीख बरोबर म्हणून दिली. हॉस्पिटलचं तिला सांगितलं नाही. जे सांगायला नको होतं ते एकदा सांगून झालं होतं. तिला मराठी वाचता येत नाही म्हणूनच हे इथे लिहिते आहे.

मग कॅथीला कळवलं, की तो भाग ऑगस्टमध्ये लाव, अनयाच्या वाढदिवसाच्या शनिवारी. बाकीचे सगळे त्याआधी. "आणि तारीख?" तिनं विचारलं. "तुम्ही तुमच्या आवाजात बोलून पाठवता का? मी जोडते." अनयाही म्हणाली, तूच बोल. मी तुझ्या टेबलाशी बसून तीनदा प्रयत्न केला. जून म्हणताना तू दिसायचास, ऑगस्ट म्हणताना नीलिमा. तिन्ही वेळा पुसून टाकलं.

"तशीच राहू दे," मी कॅथीला सांगितलं.

ती जरा घुटमळली. "सहा सेकंद म्हणजे रेडिओवर फार. पाच सेकंद शांतता झाली की आमचं मशीन आपोआप संगीत सुरू करतं. त्याला वाटतं, काहीतरी बिघडलंय." मग म्हणाली, "मी स्वतः येऊन बसते. मशीनला हात लावू देणार नाही. पण मला भाषा येत नाही. जागा आली हे कसं कळेल?" मी तिला रोमन लिपीत एक शब्द लिहून पाठवला. ‘म्हणजे’. तो ऐकलास की हात ठेव.

त्याच्या आधीचे भाग मी इथे रेडमंडला परतल्यावर एकेक करून ऐकले. माझी टिक असलेले, सर्दी झालेल्या तारखांचे. प्रत्येक शनिवारी तू म्हणायचास ‘आज’, आणि प्रत्येक वेळी मी मान हलवायचे, आणि मग मला आठवायचं. एकवीस वर्षं ज्या शब्दाची आपण खात्री करत आलो तोच शब्द तू आता चुकीचा वापरत होतास. आज तू नव्हतास. कुठलंच आज तुझं नव्हतं.

काल सकाळी सात वाजता मी कॉम्प्युटर लावून बसले. टेबलावर ती स्कॅनची पानं अजून तशीच आहेत, पेल्यात पाणी नाही एवढंच. बाहेर पाऊस होता, तुला न आवडणारा, न थांबणारा इथला बारीक पाऊस. कॅथी आत बसली असणार, दुसऱ्या टोकाला, हात मशीनवर ठेवून.

"नमस्कार मंडळी. आजच्या दिवशी, म्हणजे..."

तुझ्या घरी तो भाग ऐकला तेव्हा अनया शेजारी रडत होती, म्हणून मला नीट ऐकू आलं नव्हतं. काल आलं. ती शांतता रिकामी नाही. तू रेकॉर्डिंग बंद केलेलं नाहीस. तू थांबला आहेस. खुर्ची करकरते. स्वयंपाकघरातलं घड्याळ चालू आहे. तू एकदा श्वास घेतोस, सोडतोस. परत घेतोस, काहीतरी बोलणार असल्यासारखा, आणि तसाच सोडतोस. मशीनला वाटतं ते काही बिघडलेलं नव्हतं. एक माणूस बहिणीची वाट बघत होता.

मग तू पुढे म्हणालास, "मंडळी, त्या संध्याकाळी आम्ही तिघंही घरी होतो." आणि आजोबांची गोष्ट सांगितलीस, कोळसा लागलेल्या नाकाची, मोडून तोडून घेतलेल्या नावाची. नेहमीसारखी चार मिनिटं. ती संपली. कॅथीनं काहीतरी गाणं लावलं.

आता कुठलाच भाग शिल्लक नाही. पुढच्या शनिवारी त्या चार मिनिटांत काय लावायचं ते समिती ठरवेल. नागपूरच्या त्या मुलीनं मला विचारलं होतं, आत्या, तुम्ही कराल का? मी नाही म्हणाले. मला फळ्यावर लिहिता येत नाही. मला फक्त पुसता येतं.

साडेनऊ वाजले. तुझ्याकडे साडेबारा. एरवी या वेळेपर्यंत तू फोन ठेवलेला असायचास. वही अजून उघडी आहे. सातव्या ओळीपुढे मी टिक केलेली नाही. ती आता कोणाच्या कामाची?

होतात, विनू. त्या संध्याकाळी तिघंही घरी होतात. हे एवढं म्हणायला सहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. मी आत्ता घड्याळ लावून बघितलं.